बंद सिरियलचे पुढचे भाग

सत्तरीला टेकलेला माणूस दुकानात येऊन लहान मुलींच्या कार्टूनचं रिचार्ज मागतो, तेव्हा हसू नाही येणार तर काय होणार? मला आलं. मी ते पदरात दाबलं, पण नत्थुजींना दिसायचं ते दिसलंच असणार.

मोर्शीच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. नत्थुजी होले यांचं फुलांचं दुकान माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, देवळाच्या वळणावर. पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हातातलं पाणी धोतराला पुसत ते आले.

“हर्षाबाई, माह्या डिशवरचं ते भजनाचं चॅनल बंद करून टाका. बातम्यायचंही नोको. ते पोट्ट्यायचं लावून द्या, ज्याच्यात मोठ्या डोक्याच्या पोरी येतेत.”

“कोणत्या पोरी?”

“त्याच व. डोयेच डोये, अन् कंबर त इतकीशी.” त्यांनी दोन बोटांची चिमूट दाखवली. “घडी घडी कपडे बदलवते.”

मला कळलं. ‘झिलमिल गर्ल्स’. आधी परदेशात या बाहुल्या निघाल्या, गुलाबी खोक्यातल्या, मग त्या खपाव्यात म्हणून त्यांच्यावर कार्टून निघालं, आणि मग ते हिंदी बोलत आमच्या मोर्शीपर्यंत आलं. रूबी, झोई, लोला आणि नीना अशा चौघी. शाळेत जायच्या, पण हातात कधी वही नाही. संध्याकाळी कपड्यांचं दुकान चालवायच्या, भांडायच्या, रुसायच्या, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी नवे कपडे घालून स्टेजवर चालायच्या. रोज सहाला अर्धा तास. माझ्या दुकानात वह्यांवर लावायचे त्यांचे स्टिकर हातोहात जायचे, म्हणून मला ही सगळी माहिती. नाहीतर असल्या गोष्टींसाठी माझ्याकडे वेळ नाही.

“तुम्हाला कशाला हो ते?” मी विचारलं.

“नीनाचा ड्रेस पाहा लागते ना,” ते म्हणाले, आणि जणू यात समजावण्यासारखं काही नाहीच अशा चेहऱ्यानं उभे राहिले.

नत्थुजींचं घर तेव्हा सहा महिन्यांपूर्वीच रिकामं झालं होतं. पार्वताबाई, म्हणजे त्यांची बायको, आधीच गेलेली. एकुलता एक मुलगा सागर अमरावतीच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. मागे सून मंजुषा आणि सहा वर्षांची आचल. मंजुषाचं माहेर अकोल्याचं. दिवस झाल्यावर तिचे वडील येऊन दोघींना घेऊन गेले, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. निघताना आचलनं आपल्याकडची एकुलती झिलमिल बाहुली, ती नीना, आजोबांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, “आबाजी, तुमी एकटे राहाल ना, म्हणून ही ठेवा. पण तिला रोज नवा ड्रेस घालायचा. टीव्हीत घालते तसाच.”

झालं. पोरीनं हुकूम सोडला आणि म्हातारा कामाला लागला.

शिवणकाम नत्थुजींना येत नव्हतं, पण फुलं येत होती. डोहाळजेवणाला लागणारे फुलांचे दागिने करावेत तर नत्थुजींनीच, असं तेव्हा वरूडपासून चांदूरबाजारपर्यंत म्हणायचे. बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, सगळं केळीच्या सोपटावर, म्हणजे खोडाच्या सालीवर, एक टाका सुईचा नाही. तोच हात आता वीतभर बाहुलीवर चालू लागला. सहाला सिरियल बघायची, नीनाचा ड्रेस डोळ्यात साठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसताना करायला घ्यायचा. निशिगंधाच्या कळ्यांचा लांब झगा. झेंडूच्या पाकळ्यांचा फ्रॉक. एकदा तर पांढऱ्या शेवंतीची तिरपी टोपी, तीही अशी की मला स्वतःला घालावीशी वाटली. फुलांचे कपडे ते, संध्याकाळपर्यंत मान टाकायचे. त्यामुळे रोज नवा ड्रेस हे आपोआपच झालं.

आणि सातला फोन. त्यांच्या माळीपुऱ्यातल्या घरात रेंज नव्हती, म्हणून सिरियल संपली की सागरचा जुना मोबाईल, नीना आणि एक स्टीलचा डबा घेऊन ते माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. अकोल्याहून व्हिडिओ कॉल यायचा. मी कान देत नाही कुणाच्या बोलण्याकडे, पण पायरी माझी, दुकान माझं, कान काय काढून ठेवू?

आधी नीनाचा ड्रेस दाखवायचा. मग आजच्या भागात काय झालं, यावर दोघांची चर्चा. नत्थुजींना पोरींची नावं लक्षात राहात नसत. पिवळ्या केसांच्या लोलाला ते ‘मक्याचं कणीस’ म्हणायचे, तांबड्या केसांची रूबी म्हणजे ‘टमाटर’. आचल खिदळायची. एकदा त्यांनी मलाच विचारलं, “हर्षाबाई, ह्या पोरी राहते कोनापाशी? माय नाई, बाप नाई, घरात एक बुढा मानूस नाई. जेवाले कोन देते ह्यायले?”

“कार्टून आहे ते, नत्थुजी.”

“कार्टून झालं म्हून काय झालं? भूक त लागत असन.”

मी झेरॉक्स मशीनकडे वळले.

डब्याचं सांगायचं राहिलं. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर पोरी मातीची भुलाबाई बसवतात. संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरची बाई झाकणबंद डबा खुळखुळवते. आत काय खाऊ आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. ओळखलं की डबा उघडतो, खाऊ वाटला जातो, आणि पोरी पुढच्या घरी पळतात. आचल मोर्शीत असताना तिच्या भुलाबाईचा डबा नत्थुजीच खुळखुळवायचे. बायकांचं काम पुरुषानं केलं म्हणून गल्लीनं नाकं मुरडली, तर मुरडू दे. आता ती अकोल्याला, तर डबा फोनजवळ नेऊन खुळखुळवायचे. महिनाच काय, बारा महिने.

“ओयख!”

पलीकडून पोरगी पटकन सांगायची, “फुटाणे!” आणि नत्थुजी दोन फुटाणे तिच्या नावानं नीनाच्या पुढ्यात ठेवून बाकीचे स्वतः खायचे. मलाही द्यायचे.

असं अडीच वर्षं चाललं. मग नत्थुजींनी स्वतःच्या हातानं एक काम केलं, ज्याबद्दल मोर्शीतले अर्धे लोक त्यांना अजून मूर्ख म्हणतात. ते अकोल्याला जाऊन मंजुषाच्या वडिलांना म्हणाले, “पोरीले तीस नाई झाले अजून. तिच्यासाठी स्थळ पाहा. माह्याकून काई म्हननं नाई.”

स्थळ मिळालं. मनोज, अकोल्यातच एका शाळेत लिपिक, बायको वारलेली, मूल नाही. साधा माणूस. लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला मी दुकान उघडत होते तर नत्थुजी बसस्टँडवर टोपली मांडीवर घेऊन बसलेले. टोपलीवर ओलं फडकं.

“कुणाचं लग्न?” मी सवयीनं विचारलं.

“सुनेचं,” ते म्हणाले. मग फडकं जरा बाजूला करून दाखवलं. निशिगंध आणि गुलाबाचे दोन हार. “जवायाचा हलका केला. फोटो पाह्यला त्याचा, मान बारीक हाये. जड हार त्याले पेलन नाई.”

जवायाचा म्हणाले ते. मी ऐकलं. मी फडकं पुन्हा नीट झाकून दिलं.

संध्याकाळच्या गाडीनं परतही आले. लोक कुजबुजले, की बघा, म्हाताऱ्यानं हातानं सून घालवली, वर तिला हार घालून आला. कुणीतरी हे तोंडावरही बोललं. नत्थुजी गजरा गुंफता गुंफता म्हणाले, “घालोली नाई, बाप्पा. पोचोली.”

पण पोचवून आलेल्या माणसाला घरी परत यावंच लागतं. नवं घर, नवी शाळा, नवे पप्पा. रोजचा फोन रविवारवर गेला. त्यात कुणाची चूक? मंजुषा भली बाई, तिनं तो रविवार कधी चुकवू दिला नाही. बरोबर सातला फोन वाजायचाच. नत्थुजी मात्र सिरियल रोज बघायचे, सहा दिवसांचे ड्रेस लक्षात ठेवायचे आणि रविवारी त्यातला सगळ्यात चांगला करून आणायचे. सोमवार ते शनिवार पायरी रिकामी असायची. सातला माझी नजर तिकडे जायची आणि मला स्वतःचाच राग यायचा.

दीड वर्षापूर्वी एक दिवस ते दुकानात आले ते घाबरून.

“हर्षाबाई, रिचार्ज संपलं काय? पोरी येऊन नाई राह्यल्या.”

रिचार्ज संपलं नव्हतं. मी मोबाईलवर शोधलं, कंपनीला फोन लावला. ‘झिलमिल गर्ल्स’ बंद झाली होती. त्या बाहुल्या आता खपत नव्हत्या म्हणे, दुसऱ्या कुठल्या तरी निघाल्या होत्या.

“किती दिवसाची बंद?”

“कायमची, नत्थुजी.”

ते स्टुलावर बसले. झेरॉक्सचं एक गिऱ्हाईक येऊन गेलं, दुसरं येऊन गेलं. मग म्हणाले, “आचलले नोका सांगू.”

मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. अहो, ती पोरगी टीव्हीसमोर बसते, तिला माहीत नसणार? पण मी मान हलवली. आणि त्या रविवारी सातला फोन लागला, डबा खुळखुळला, आणि नत्थुजींनी सांगायला सुरुवात केली.

“या हप्त्यात लय गंमत झाली व आचल. कनसाचा ड्रेस उंदरानं कुरतडला. ऐन स्टेजवर जायच्या टाइमाले. मंग टमाटर म्हने, आता काय करतं? मंग नीनानं केयीचं सोपट आनलं...”

मी मशीन बंद करून ऐकत राहिले. परदेशातल्या त्या शहरात केळीचं सोपट कुठून आलं, ते देवाला ठाऊक. पुढच्या रविवारी त्या चौघी संत्र्याच्या बागेत गेल्या आणि बागवानानं त्यांना हाकललं. त्याच्या पुढच्या रविवारी रूबीच्या कानात दुखत होतं. आणि मग एका भागात एक नवाच माणूस आला.

“त्यायच्या दुकानाच्या बाजूले एक बुढा बसते. फुलं इकते. पोरी उपाशी राह्यल्या की त्यायले भाकर देते.”

“हा कधीपासून आहे?” फोनमधून आचलनं विचारलं.

“पयलेपासूनच होता. तुयं लक्ष नव्हतं.”

मी मान खाली घातली आणि उगीच बिलं चाळू लागले.

आता आचल दहा वर्षांची झाली होती. बोलणं कमी झालेलं. नत्थुजी सांगायचे आणि ती “हं, हं” करायची. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? विशेष राग यायचा तो डब्याचा. सहा वर्षांची असताना एका फटक्यात ओळखणारी पोर आता घोळ घालायची. “चुरमुरे?” नाही. “शेंगदाणे?” नाही. “साबुदाणा?” अगं, साबुदाणा असा वाजतो का? “परत वाजवा ना आबाजी.” नत्थुजी आनंदानं परत वाजवायचे. दर रविवारी फुटाणेच असायचे, आणि दर रविवारी तिला सात-आठदा चुकावं लागायचं. मी मनात म्हणायचे, हिचं लक्षच नाही. दुसऱ्याच्या लेकराला नावं ठेवायला काय लागतं!

मागच्या दसऱ्याच्या आधी मंजुषाचा फोन आला, की मनोजच्या बहिणीकडे वरूडला जातो आहोत, वाटेत दोन तास मोर्शीला थांबू. ती दुसऱ्या लग्नानंतर पहिल्यांदा येणार होती. भुलाबाईचेच दिवस. नत्थुजींनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं, आणि तेही झेंडूच्या हंगामात, जेव्हा फुलवाल्याला जेवायला सवड नसते. मलाही आवतण होतं. “भुलाबाईपाशी एक बाईमानूस पाह्यजे,” म्हणाले. मी दुकानाला कुलूप लावून गेले.

घर सारवल्यासारखं पुसलेलं. कोपऱ्यात पाटावर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव, आणि त्यात भुलाबाईच्या जागी नीना. मातीची भुलाबाई आता बाजारात मिळत नाही, निदान नत्थुजींना मिळाली नव्हती. नीनाला पिवळ्या-केशरी झेंडूचा घोळदार झगा, हातात बाजूबंद, डोक्यावर मुकुट. डोहाळजेवणाच्या बाईला करतात तो सगळा साज, वीतभर मापात. मी आयुष्यात इतकं नाजूक काम पाहिलं नव्हतं.

आचल आली. उंच झालेली, चष्मा लागलेला, मनगटावर घड्याळ. आबाजींच्या पाया पडली. मग पाटाकडे बघून म्हणाली, “अजून आहे ही?”

“हाये त. कुठी जाईन?” नत्थुजी म्हणाले. चहा झाला, मनोजनं फुलांच्या कामाची मनापासून तारीफ केली. मग नत्थुजींनी तो डबा काढला आणि पोरीच्या हातात दिला. “आता तूच वाजव. ओयख.”

तिनं डबा एकदा हलवला. एकदाच.

“फुटाणे,” ती म्हणाली. “तुमी नेहमी फुटाणेच ठेवता आबाजी.”

नत्थुजी हसले, पण हसता हसता थांबले. “मंग फोनवर काहून नाई ओयखत? तिथं त दहा दहा डाव चुकते.”

आचलनं आईकडे बघितलं. लहान मुलं खोटं बोलायला शिकतात ती बहुतेक आपल्यासाठीच, आणि समोर विचारलं की त्यांना ते जमत नाही.

“मम्मी म्हणते आबाजींशी पंधरा मिनिटं तरी बोलायचंच. पण बोलायला काही नसते ना. लवकर ओळखलं तर वेळ उरते. म्हणून मी चुकीचं सांगत होती.”

“आचल!” मंजुषा ओरडली.

“बोलू दे व तिले. खरं बोलून राह्यली.” नत्थुजी पोरीसमोर पाटापाशी खाली बसले. “अन् सिरियल, बाई?”

“ती तर केव्हाचीच बंद झाली, आबाजी.” आता तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. “मी तर त्याच्या आधीपासूनच बघत नाही. तुमाला वाईट वाटलं असतं.”

मनोज बिचारा धांड्यांकडे बघत बसला. नत्थुजींनी डबा उघडला, सगळ्यांच्या हातावर फुटाणे ठेवले. आचलच्या हातावर जरा जास्त. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, “लय मोठी झाली व माही पोरगी. बुढ्याले सांभायाले लागली.”

निघताना मंजुषानं नीनाला हात लावला, आचलला म्हणाली, घेऊन चल हवं तर. आचल म्हणाली, “राहू द्या इथंच.” गाडी गेली. नत्थुजी फाटकाशी उभे. मी म्हटलं, “मनावर घेऊ नका, लेकरू आहे.”

“मनावर काय घ्या लागते? लेकराच्या डोक्यावर दर रविवारी पंधरा मिनिटाचं वझं ठेवलं मी, अन् मलेच समजलं नाई,” ते म्हणाले आणि आत गेले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मी घरी आले आणि त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं नाही.

पुढच्या रविवारी ते पायरीवर आले ते नीनाला न घेता, डबाही न घेता. सातला फोन वाजला. आचलचा आवाज बारीक झाला होता.

“आबाजी, मम्मी रागावली मला.”

“मम्मीले सांग, आबाजी नाई रागावले. आता आईक, आज शेवटचा भाग हाये.”

“सिरियल तर...”

“मले माईत हाये. माह्यावाली चालू होती ना? तिचा शेवटचा.”

आणि त्यांनी सांगितलं. पोरींचं शिक्षण झालं. टमाटरला मोठ्या शहरात नोकरी लागली. कणसाचं लग्न झालं, नवरा चांगला भेटला. झोई परदेशात गेली. परदेशातून आणखी परदेशात, पण मी हसले नाही. नीना डॉक्टर झाली. चौघींनी मिळून दुकानाला कुलूप लावलं. जायच्या आधी एकदा शेवटचं स्टेजवर चालल्या, चौघींचे झगे निशिगंधाचे, आणि लोकांनी लय टाळ्या वाजवल्या.

“संपलं,” नत्थुजी म्हणाले. “आता रविवारचा फोन नोको करत जाऊ, बाई. अभ्यास करजो. मनात आलं त करजो. घड्याय पाहून नोको करजो.”

पलीकडे शांतता. मला वाटलं, ठेवला फोन. नत्थुजींनीही मोबाईल चेहऱ्यासमोरून खाली घेतला होता. मग त्यातून आवाज आला.

“आबाजी, आणि तो फुलवाला?”

“कोनता?”

“तो बाजूला बसते तो. त्यांना भाकर द्यायचा ना. सगळ्यांचं सांगितलं, त्याचं काय झालं ते सांगितलंच नाही.”

देवळातली घंटा वाजली, एक बस मागे घेत होते तिची शिट्टी ऐकू आली. “त्याले काय होते?” ते शेवटी म्हणाले. “हाये तो तिथंच.”

“एकटा?”

“त्याले सवय हाये.”

“शेवटच्या वेळी त्याला पण स्टेजवर घ्यायला पाहिजे होतं,” आचल म्हणाली. “चूक आहे ही.”

“नाई घेत व,” नत्थुजी म्हणाले. “त्यायच्या स्टेजवर बुढे चालत नाई.”

त्यानंतरही ते दोघं बोलत राहिले, हळू, मला ऐकू येऊ नये इतकं. मला ऐकायचंही नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. फोन संपला तेव्हा सात वाजून अडतीस मिनिटं झाली होती.

ही कोजागिरीच्या आधीची गोष्ट. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घड्याळ बघून करू नको, असं सांगितलं होतं, तर पोरीनं ऐकलं. आज्ञाधारक लेकरांचं हेच वाईट असतं. दिवाळीला मंजुषाच्या फोनवरून दोन मिनिटं शुभेच्छा आल्या, सगळ्यांनी मिळून दिलेल्या. मग हिवाळा लागला.

नत्थुजी मात्र दर रविवारी सातला पायरीवर येतात. काल आले ते डबा घेऊन. मोबाईल गुडघ्यावर ठेवला, डबा शेजारी. साडेसात झाले. मला शटर ओढायचं होतं आणि ते उठत नव्हते, म्हणून मी जरा तिरसटपणेच विचारलं, “आता कशाला बसता हो?”

“मनात याले काय टाइम सांगून येते, बाई? येईन कधी.”

मी शटरचा आकडा खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ पायरीवर बसले. माझ्याही फोनवर कंपन्यांशिवाय कुणाचा फोन येत नाही, पण ते सांगण्यात काय अर्थ आहे? दुसरं एक सांगण्यासारखं होतं, ते दोन महिने पोटात ठेवलं होतं.

“त्या शेवटच्या भागाला, नत्थुजी, आचल अडतीस मिनिटं बोलली. मी घड्याळ बघितलं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “अडतीस?”

“अडतीस.”

मग डबा उचलून माझ्या कानाजवळ आणला आणि खुळखुळवला.

“ओयखा.”

फुटाणे होते. पाच वर्षं ऐकते आहे मी तो आवाज. जिभेवर आलेला शब्द मी गिळला.

“शेंगदाणे?” मी म्हटलं.

“नाई,” नत्थुजी खूश होऊन म्हणाले. “अजून सांगा.”